नवा मोटारसायकलस्वार आणि रस्त्याचे वळण

नांदेडहून लातूरकडे निघालेला प्रवासी सोनखेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे टाकीत जातो, तेव्हा कसारा किंवा खंबाटकी यांसारखा घाट त्याला वाटेत कोठे लागत नाही. दोन्ही बाजूंना काळी शिवारे, सोयाबीन आणि तुरीची पिके, दूरवर बालाघाटच्या सपाट माथ्याच्या टेकड्या आणि त्यांमधून गेलेला डांबरी रस्ता, असे या वाटेचे रूप आहे. त्यामुळे मराठवाड्यातील रस्ते सरळ आहेत, येथे वाहन चालविण्यास फारसे कौशल्य लागत नाही, अशी समजूत रूढ झाली आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. नव्या मोटारसायकलस्वाराच्या बाबतीत मात्र ती घातक आहे. घाटात शिरणारा स्वार आधीपासूनच सावध असतो. उलट, दहा-बारा किलोमीटर एकाच वेगाने सरळ आलेल्या स्वारापुढे ओढ्याजवळचे वळण अकस्मात उभे राहते, तेव्हा त्याचे डोळे, हात आणि पाय यांपैकी काहीच सिद्ध नसते.

या भागाच्या बोलीने वळणाची नोंद फार पूर्वीच घेतली आहे. चाकूर तालुक्यात आष्टामोड हे ठिकाण आहे. 'मोड' म्हणजे वळण. रस्ता जेथे मोडतो तेथे थांबावे लागते, हे बैलगाडीच्या काळात सांगावे लागत नसे. बैल आपणहून पाय आखडता घेत. यंत्राला ती उपजत बुद्धी नसल्यामुळे ते काम स्वारावर येऊन पडले आहे.

एके काळी खेड्यात एखाद्या डॉक्टराकडे वा बड्या शेतकऱ्याकडेच राजदूत किंवा बुलेट असे, आणि तिच्या आवाजावरून लोक तिला 'फटफटी' म्हणत. १९८०च्या दशकात शंभर घनसेंटिमीटरच्या हलक्या जपानी धाटणीच्या गाड्या बाजारात आल्या आणि चित्र पालटले. आज दूध संघाला दूध घालणारा शेतकरी, शाळेत जाणारा शिक्षक, ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती, मोंढ्यात जाणारा अडत्या अशा सर्वांचे पायच जणू दुचाकी झाली आहे. दहावीचा निकाल लागल्यानंतर लातूर आणि नांदेड येथे शिकवणीसाठी येणाऱ्या मुलांच्या पालकांपुढे पहिला हट्ट उभा राहतो तोही गाडीचाच. या सोयीची किंमतही मोठी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शंभरात सुमारे ४४, दुचाकीवर होती. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती.

यांतील प्रत्येक अपघाताला समोरचा ट्रक वा एस.टी. कारणीभूत असते, असे मानण्याचा आपला प्रघात आहे. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅरी हर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली लॉस एंजेलिस परिसरातील नऊशेहून अधिक मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास झाला. त्याचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. सुमारे चौथा हिस्सा अपघातांत दुसरे वाहन नव्हतेच. अशा अपघातांत स्वाराच्या हातून घडलेली नेहमीची चूक म्हणजे ब्रेक अती दाबून घसरणे किंवा वेग न आवरल्याने वळणावर बाहेर फेकले जाणे, असे त्या अभ्यासात दिसून आले. अपघातात सापडलेल्या स्वारांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. देश वेगळा, रस्ते वेगळे. पण गाडी शिकण्याची ही रीत आपल्या खेड्यांना अपरिचित नाही. काका मागे बसतो, क्लच हळू सोडायला सांगतो, आणि गाडी सुरू होऊन गिअर पडले की शिक्षण पुरे झाले असे दोघेही समजतात. वळण कसे घ्यावे याचा पाठ त्या शिक्षणात नसतो.

सपाट मुलखात वळणे कोठून येतात?

वळण कोठे येईल याचा अंदाज बांधता आला तर निम्मे काम होते. सपाट प्रदेशातील रस्ता विनाकारण वळत नाही. ओढ्यावरील पूल शक्य तितका आखूड व्हावा म्हणून तो प्रवाहाला काटकोनात बांधणे सोयीचे असते. साहजिकच जुन्या रस्त्यांवर पुलाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोन उलटसुलट वळणे येतात. मांजरा, मन्याड, लेंडी या नद्यांच्या खोऱ्यांत असे ओढे-नाले पावलोपावली आहेत. दुसरे कारण शिवेचे. मूळ गाडीवाट शेताच्या बांधावरून गेलेली असते आणि तीच पुढे खडी टाकून, डांबर ओतून पक्की होते. बांध जेथे काटकोनात वळतो तेथे रस्ताही वळतो. गावाच्या तोंडाशी, पांढरीला वळसा घालताना, तिसऱ्या प्रकारचे वळण असते, आणि तेथे शेळ्या, मुले, उभा ट्रॅक्टर यांची भर पडते. यावरून स्वाराने एक साधा आडाखा बांधावा: पुढे झाडांची रांग खोलगट भागाकडे उतरताना दिसली, विजेचे खांब रस्ता सोडून आडवे गेले, किंवा देवळाचा कळस रस्त्याच्या रेषेत न दिसता बाजूला दिसला, तर रस्ता वळणार आहे. खांब मात्र कधी कधी फसवितात. ते शेतातून सरळ जातात आणि रस्ता तेवढा वळतो.

माहूरची गोष्ट वेगळी. रेणुकामातेच्या दर्शनाला आणि दत्तशिखराला जाणारे रस्ते डोंगर चढतात, आणि नवरात्रात व दत्तजयंतीला तेथे दुचाकीवरून येणाऱ्यांची गर्दी होते. सपाटीवर शिकलेला तरुण आयुष्यातील पहिला घाट मागे एक माणूस बसवून आणि पुढे-मागे वाहनांची रांग असताना चढतो, हे चांगले नाही. त्याने आधी एखाद्या साध्या दिवशी एकट्याने तो रस्ता पाहून यावा.

गाडी वळते कशी?

परवान्याच्या चाचणीत उमेदवाराला इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवून दाखवावी लागते. ही चाचणी तोल आणि क्लच यांवरील ताबा पाहण्यासाठी चांगली आहे. मात्र ती माणसाच्या चालण्याच्या वेगाने होते. त्या वेगात हॅन्डल डावीकडे फिरविले की गाडी डावीकडे जाते. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे मात्र गाडी हॅन्डल फिरवून वळत नाही, ती कलून वळते. चाचणीत उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला हा फरक कोणी सांगितलेला नसतो. तो चाळीसच्या वेगात आठच्या आकड्याचीच पद्धत वापरू पाहतो, हॅन्डल ताठर होते, गाडी ऐकत नाही, आणि घाबरून तो ब्रेक दाबतो.

गाडी कलते कशी, हे तळहातावर काठी उभी धरणाऱ्या मुलाकडे पाहिल्यास कळेल. काठी डावीकडे झुकवायची असेल तर तो हात किंचित उजवीकडे नेतो. गाडीचेही तसेच आहे. डाव्या बाजूच्या हॅन्डलला तळहाताने पुढे हलकासा रेटा दिला की पुढचे चाक क्षणभर उजवीकडे जाऊ लागते आणि वरचा भार डावीकडे कलतो. गाडी डावीकडे वळते. उजव्या वळणासाठी उजवे हॅन्डल रेटावे. ऐकताना हे उलटे वाटते, पण सायकल चालविणारा प्रत्येक माणूस नकळत हेच करीत असतो. विमानाचे जनक राईट बंधू मूळचे सायकलचे व्यावसायिक. सायकल वळविताना आपण आधी हॅन्डल उलट्या दिशेला नेतो हे स्वारांना स्वतःलाच ठाऊक नसते, असे विल्बर राईट यांच्या लक्षात आले होते. नकळत होणारी ही क्रिया जाणीवपूर्वक करता येऊ लागली की स्वाराला गाडी आपल्या हाती असल्याचा प्रत्यय येतो. अचानक समोर खड्डा किंवा कुत्रे आल्यास गाडी बाजूला काढण्यासाठीही हाच रेटा उपयोगी पडतो.

आता वेगाचा हिशेब. तो कागदावर मांडून पाहिला की मनावर अधिक ठसतो, म्हणून गणिताच्या शिक्षकांनी वर्गात अवश्य मांडावा. सुमारे ३० मीटर त्रिज्येचे वळण घेऊ. ताशी २० किलोमीटर वेगाने ते घेताना गाडीला उभ्या स्थितीपासून जेमतेम ६ अंश कलावे लागते. वेग ४० केला तर २३ अंश, आणि ६० केला तर ४३ अंश. वेग दुप्पट झाला की टायरने रस्त्याला आडवे धरून ठेवण्याचे काम चौपट होते. ताशी ६० ला ही आडवी पकड गाडी आणि स्वार यांच्या एकूण वजनाच्या शंभरात सुमारे ९५ इतकी लागते. कोरडे, स्वच्छ डांबर साधारणपणे शंभरात सत्तर-ऐंशीपर्यंत साथ देते. म्हणजेच या वळणावर ताशी ६० चा वेग धैर्यवान स्वारालाही शक्य नाही आणि भित्र्यालाही नाही. पावसाने रस्ता ओला झाला की डांबराची साथ निम्म्यावर येऊ शकते, आणि तेव्हा ४० चा वेगही काठावरचा ठरतो.

टायरचा जो भाग कोणत्याही क्षणी रस्त्याला टेकलेला असतो तो तळहातापेक्षा फारसा मोठा नसतो. त्याची पकड ही पदराला बांधलेल्या पैशासारखी मोजकी आहे. ती ब्रेकसाठी खर्च केली तर वळण्यासाठी उरत नाही, वळण्यासाठी खर्च केली तर ब्रेकसाठी उरत नाही. कललेल्या गाडीचा ब्रेक जोराने दाबणारा स्वार एकच रुपया दोन दुकानांत देऊ पाहत असतो.

सर्व काही वळणाआधी

यावरून वळण घेण्याचा क्रम आपोआप ठरतो. वेग कमी करण्याचे काम सरळ रस्त्यावर, गाडी उभी असतानाच पुरे करावे. पुढचा आणि मागचा ब्रेक दोन्ही वापरावे. पुढच्या ब्रेकला भिण्याचे कारण नाही, तो टप्प्याटप्प्याने दाबल्यास गाडी आवरण्याचे मोठे काम तोच करतो. 'पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते' हा गावोगाव दिला जाणारा सल्ला अर्धवट आहे. गाडी कललेली असताना किंवा वाळूवर तो झटक्याने दाबला तर गाडी पडते, एवढेच त्यातले तथ्य. गिअरही वळणाआधीच उतरवावा. क्लच दाबून, इंजिन मोकळे सोडून वळणात घरंगळत जाण्याची सवय पेट्रोल वाचविण्याच्या समजुतीने अनेकांना जडलेली असते. तीत गाडीवरचा ताबा निम्मा सुटतो आणि वाचलेले पेट्रोल नगण्य असते. वळणात शिरल्यावर ॲक्सिलरेटरची मूठ किंचित, एकसारखी पिळलेली ठेवावी, म्हणजे गाडी स्थिर राहते. रस्ता पुन्हा सरळ दिसू लागला की मग वेग वाढवावा.

आणि नजर. पेरणीच्या वेळी पहिले तास सरळ काढणारा शेतकरी बैलांच्या खुरांकडे पाहत नाही. तो समोरच्या बांधावरील एखाद्या झाडाची खूण धरतो. मोटारसायकलही स्वाराच्या नजरेमागून जाते. वळण जेथे संपते तिकडे मान वळवून पाहिले की हात आपोआप तेवढाच रेटा देतात. कडेच्या खड्ड्याकडे, मैलाच्या दगडाकडे किंवा समोरच्या ट्रकच्या दिव्यांकडे नजर खिळली, की गाडी नेमकी तिकडेच खेचली जाते. मोकळ्या रस्त्यावर एकच बाभूळ होती आणि तिलाच गाडी धडकली, असे अपघात ऐकून लोक नशिबाला बोल लावतात. तेथे दोष बहुधा खिळलेल्या नजरेचा असतो.

वेग किती असावा, याला एकच निश्चित कसोटी आहे: जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आले पाहिजे. ताशी ४० च्या वेगात धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, आणि चांगल्या रस्त्यावर थांबेपर्यंत आणखी १२ मीटर जाते. ताशी ६० ला हीच बेरीज ४४ मीटरांवर जाते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्ते अनेक ठिकाणी ३.७५ मीटर रुंदीचे आहेत. तेथे समोरून ट्रॅक्टर आला तर त्याच्यासाठी वेगळी बाजू नसते. तो आणि आपण त्याच पट्टीवर एकमेकांकडे येत असतो. म्हणून अशा रस्त्यावर दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात थांबता यावे. उभ्या उसाच्या आड किंवा वेड्या बाभळीच्या झुडपामागे लपलेल्या वळणावर हा हिशेब ताशी १५-२० किलोमीटरवर येऊन थांबतो. नव्या स्वाराला हा वेग अपमानास्पद वाटतो, पण आकडे तसेच आहेत.

एवढे करूनही वेग जास्त झाल्याचे वळणात शिरल्यावर ध्यानात आले तर? तेव्हा मूठ एकदम सोडू नये, ब्रेक करकचून दाबू नये. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवून हॅन्डलला आणखी रेटा द्यावा. बहुतेक साध्या गाड्या नवशिक्या स्वाराला वाटते त्यापेक्षा बऱ्याच अधिक कलू शकतात. टायर हार मानण्याच्या पुष्कळ आधी स्वाराचे मन हार मानते. थांबणे अटळच असेल आणि समोर मोकळी जागा असेल, तर आधी गाडी उभी करून मग ब्रेक लावावा. १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून चाक जखडू न देणारी ब्रेकप्रणाली सक्तीची झाली. तिचा सरळ रस्त्यावर मोठा फायदा होतो, परंतु कललेल्या गाडीला ती घसरण्यापासून वाचवीलच असे नाही.

डावे वळण, उजवे वळण

आपल्याकडे डावीकडून वाहतूक चालत असल्यामुळे दोन्ही वळणांचा धोका सारखा नाही, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. डाव्या वळणावर वेग न आवरलेला स्वार बाहेर, म्हणजे उजवीकडे फेकला जातो आणि थेट समोरून येणाऱ्या वाहनापुढे जातो. उजव्या वळणावर तो डावीकडे, साइडपट्टीवर जातो. थरावर थर चढून डांबराची कड साइडपट्टीहून चार बोटे उंच झालेली असते. तेथून खाली उतरलेले चाक घाईने वर घेऊ पाहिल्यास कडेला घासून गाडी आडवी होते. अशा वेळी खालीच सरळ राहून वेग उतरवावा, आणि मगच अधिक काटकोनात चाक वर घ्यावे.

उजव्या वळणाला आणखी एक खोच आहे. स्वार उजवीकडे कलतो तेव्हा चाक आपल्या बाजूला असले तरी डोके आणि हॅन्डल मध्यरेषेच्या पलीकडे गेलेले असू शकते. यास्तव चाक मध्यरेषेपासून किमान हातभर डावीकडे असावे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. वळताना मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, वळणाच्या आतल्या अंगाला ओढली जाते. आपल्याला डावे वळण असेल तेव्हा आतले अंग आपल्या बाजूला असते. समोरचा ट्रॅक्टर सुखरूप पार झाला तरी त्याची दुसरी ट्रॉली आपल्या अंगावर येते. रात्री तिला मागचा दिवा नसल्यास धोका दुणावतो. असे वाहन वळणावर समोर दिसले तर त्याला वळण पुरे करू द्यावे आणि आपण अलीकडेच डाव्या अंगाला थांबावे.

काळी माती, भुसा आणि पाचट

या दोन जिल्ह्यांतील स्वाराने रस्त्याचा रंग वाचण्यास शिकले पाहिजे. येथील काळी माती पाण्याने फुगते आणि साबणासारखी निसरडी होते. पाऊस उघडल्यावर शेतातून बाहेर पडणारा ट्रॅक्टर चाकांबरोबर ही माती डांबरावर आणतो, आणि शेताची वाट बहुधा बांधाच्या कोपऱ्यावर, म्हणजे नेमकी वळणापाशी रस्त्याला मिळते. मृगाच्या पहिल्या सरीने रस्त्यावर साठलेली धूळ आणि तेल यांचा पातळ लेप तयार होतो. चांगला जोराचा पाऊस पडून तो धुऊन निघेपर्यंतचा काळ सर्वांत वाईट. सुगीत सोयाबीन वाळविण्यासाठी रस्त्यावर पसरलेले असते. त्याचे गोल, टणक दाणे आणि भुसा टायरखाली छर्ऱ्यांसारखे काम करतात. उसाच्या दिवसांत पाचट, आणि डांबरीकरणानंतर काही आठवडे वळणाच्या बाहेरच्या कडेला साठलेली बारीक खडी असते. असा कोणताही थर दिसला की कलणे टाळून, वेग आधीच उतरवून, गाडी शक्य तितकी उभी ठेवून त्यावरून जावे.

नव्या स्वाराने पहिले काही महिने मागे कोणास बसवू नये हे उत्तम. सुमारे ११० किलो वजनाच्या गाडीवर मागे बसलेला ६० किलोचा माणूस हा मामुली भार नव्हे, आणि तो जिवंत भार आहे. वळणावर घाबरून तो उलट्या बाजूला झुकला की स्वाराचा रेटा फुकट जातो. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या स्त्रियांना तर तोल सावरण्यास आधारच कमी असतो, शिवाय पदर वा ओढणी चाकात जाण्याची भीती असतेच. मागे बसणाऱ्याने स्वाराच्या वळणाकडील खांद्यावरून पुढे पाहावे. तेवढ्याने शरीर योग्य बाजूला राहते. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना समान हवेत. अर्धवट भरलेल्या कॅनमधील दूध वळणावर उसळते, याचा अनुभव गवळ्यांना असतोच. निघताना साइडस्टँड वर केला का हेही पाहावे. डाव्या वळणावर खाली राहिलेला स्टँड रस्त्याला अडकून गाडी उचलली जाते.

शाळेचे मैदान आणि ग्रामपंचायत

हे सारे वाचून येत नाही, त्यासाठी सराव लागतो आणि सरावाला जागा लागते. ती गावोगाव आहे. शाळेच्या मैदानावर, सुटीच्या दिवशी, कबड्डीचे मैदान आखतात त्याच फक्कीने एक मोठे वर्तुळ आणि एक लांबट नागमोडी वाट आखता येते. आधी चालण्याच्या वेगाने, मग दुसऱ्या गिअरमध्ये डावीकडून आणि उजवीकडून फेऱ्या घ्याव्यात. बहुतेक स्वारांना एक बाजू सोपी आणि दुसरी अवघड जाते. अवघड बाजूच्या फेऱ्या दुप्पट असाव्यात. मातीच्या मैदानावर वेग वाढवू नये. हॅन्डलच्या रेट्याचा सराव रिकाम्या, सरळ, डांबरी रस्त्यावर ताशी ३० च्या आसपास करावा. वळणापूर्वीच्या ब्रेकसाठी रस्त्यावर एक खूण करावी आणि तिच्या आत वेग उतरवून पुढे जावे. दहा दिवस अर्धा तास दिला तरी फरक जाणवतो.

वयाचा प्रश्न मात्र सरावाने सुटत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार गाडी चालविण्यास १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षी मिळणारी सवलत ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या लुनासारख्या वाहनांपुरती आहे. आज मुले चालवितात त्या पेट्रोलच्या गाड्या व स्कूटर तिच्यात बसत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पहाटेच्या शिकवणीला अंधारात निघालेल्या अकरावीतील मुलाच्या हाती किल्ली देताना किती पालकांना हे ठाऊक असते, याची चौकशी शिक्षकांनी पालकसभेत करण्यासारखी आहे. हेल्मेट चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, सक्तीचे आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख बांधवांना त्यातून सूट आहे. हेल्मेट डोक्यावर असून पट्टा मोकळा असेल तर ते डोक्याआधी रस्त्यावर पडते.

ग्रामपंचायतीच्या हाती याहून थोडे अधिक आहे. वळणाच्या आतल्या बाजूची वेडी बाभूळ वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि दिवाळीच्या सुमारास तोडली, तर स्वाराला वीस-तीस मीटर अधिक रस्ता दिसू लागतो, आणि वर दिलेल्या हिशेबात हे अंतर जीव वाचविण्याइतके आहे. सोयाबीन वाळविण्यास गावठाणात किंवा शाळेच्या पटांगणात जागा दिली, तर शेतकरी वळणावर पसरणार नाही. शेतवाट रस्त्याला मिळते तेथे काही मीटर मुरूम आणि दगड टाकून घेतले, तर ट्रॅक्टरच्या चाकांची माती तेथेच झडते. खचलेली साइडपट्टी, नाहीसा झालेला वळणाचा त्रिकोणी फलक यांबाबतचा अर्ज कोठे द्यावा याविषयी नेहमी घोटाळा होतो. ग्रामीण रस्ते बहुधा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड या गावांवरून जाणाऱ्या ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाविषयीची तक्रार १०३३ या क्रमांकावर नोंदविता येते. अपघात घडलाच तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जखमीला मदत करणाऱ्या व्यक्तीवर सद्भावनेने केलेल्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असे कायद्याचे कलम १३४-अ सांगते, आणि हे कलम ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून लावण्यास फारसा खर्च येत नाही.